नळी मोठी, विश्वास लहान

गेल्या वर्षी भातकापणीच्या थोडं आधी पिंगुळीहून तात्यांचा फोन आला. तात्या म्हणजे अब्बांचे जुने स्नेही. अब्बा गेले, तरी त्या घराशी आमचं येणंजाणं तसंच आहे. ईदचा शीरखुर्मा तिकडे जातो, गणपतीचे मोदक इकडे येतात. फोनवर ते एवढंच म्हणाले, "डुकरांनी अर्धो कोपरो लोळवल्यानी. तू वायच येऊन जा."

कुडाळ ओलांडून सावंतवाडीकडे निघालं की महामार्गालगत पिंगुळी लागते. बाहेरच्यांना हे गाव ठाकर कलावंतांच्या चित्रकथीमुळे आणि कळसूत्री बाहुल्यांमुळे माहीत आहे. आम्हा आसपासच्यांना ते भाताचं, काजूचं, माडांचं गाव म्हणूनही माहीत आहे आणि अलीकडे रानडुकरांचं म्हणूनही. तात्यांनी मला शेत दाखवलं. पिकलेलं भात गादी अंथरावी तसं आडवं झालं होतं. मग घरात नेऊन त्यांनी जुन्या धोतरात गुंडाळलेली बंदूक काढली.

बंदूक त्यांच्या आजोबांची. शेतीसंरक्षणाचा परवाना वारसाने तात्यांच्या नावावर आलेला. आपल्याकडे शेतकऱ्यांजवळ असते तशी ही मधे मोडून काडतूस भरायची एकनळी नव्हती. हिच्या दस्त्यामागे, चापाच्या खाली एक लोखंडी दांडा होता. तो दांडा खाली ओढला की आतला ठोकळा खाली बसतो, काडतूस आत सारायचं, दांडा वर केला की ठोकळा बंद. विलायती मार्टिनी पद्धतीची लिव्हरची रायफल. नळीवर पुसट आकडा होता, .३१०. म्हणजे नळीचं भोक जेमतेम आठ मिलिमीटर. या मापाचं काडतूस तात्यांना कित्येक वर्षांत मिळालेलं नव्हतं.

"हेची नळी वायच मोठी करून मेळात काय रे?" तात्यांनी विचारलं. "बारा बोअराची काडतूसा खंयय गावतत."

हे मलाच विचारायचं कारण होतं. आमच्या आजोबांचा धंदा शिकलगारीचा. अरबी-फारसीतला 'सैकल' म्हणजे पॉलिश, चकाकी. त्यावरून सैकलगर आणि मराठीत शिकलगार. तलवारींना धार लावणारे आणि पुढे तलवारी गेल्यावर विळे-कोयत्यांना धार लावणारे. आजोबांकडे परवाना होता तोवर ते बंदुकीचे दस्ते आणि घोडेही दुरुस्त करून देत. त्यांच्यानंतर परवाना राहिला नाही, धंदाही राहिला नाही. पण गावाच्या आठवणीत आम्ही अजून 'बंदूकवाले'च.

मी तात्यांना नाही म्हटलं. तीन कारणं सांगितली.

पहिलं कारण लोखंडाचं. 'बारा बोअर' हे माप इंचांत नसतं. नळीच्या भोकात नेमकी बसेल अशी शिशाची गोल गोळी घ्या. अशा बारा गोळ्या मिळून एक पौंड भरत असतील, तर ती नळी बारा बोअरची. हे भोक सुमारे साडेअठरा मिलिमीटरचं. आठ मिलिमीटरच्या नळीत साडेअठरा मिलिमीटरचं भोक पाडायचं, तर नळीच शिल्लक राहणार नाही. थोडीशीच मोठी केली, तरी जेवढं भोक वाढेल तेवढी नळीची भिंत पातळ होणार. आणि बार उडतो तेव्हा गाल त्याच भिंतीजवळ असतो.

दुसरं कारण कायद्याचं. १९५९ चा शस्त्र कायदा १९६२ पासून लागू आहे. त्याप्रमाणे बंदूक बनवणं, विकणं, दुरुस्त करणं आणि तिच्यात बदल करणं या सगळ्याला परवाना लागतो. तात्यांच्या परवान्यावर बंदुकीचा प्रकार, माप आणि क्रमांक लिहिलेला आहे. नळी बदलली की कागदावरची बंदूक आणि हातातली बंदूक वेगळी झाली.

तिसरं कारण सांगताना मी थोडा अडखळलो. चोरून काम करून देणारा मिस्त्री शोधला तर सापडेलही. पण उद्या ती बंदूक पकडली गेली, तर तात्यांवर होईल ती केस. माझ्या नावावर मात्र त्याहून मोठं काहीतरी होईल. नळी वाढवलेली बंदूक, तीही माझ्यासारख्या नावाच्या माणसाच्या मध्यस्थीने. बातमीचा मथळा तात्यांनी स्वतःच मनात वाचला असावा. ते काही बोलले नाहीत. बंदूक पुन्हा धोतरात गुंडाळली.

घरी परतताना डोक्यात एकच गोष्ट घोळत होती. नळी मोठी केली की बंदूक जोरदार होते, असं तात्यांना वाटत होतं. कुणालाही तसंच वाटेल. दुसऱ्या देशांत लोक शिकारीच्या रायफली मोठ्या मापाच्या करून घेतात ते त्यासाठीच. ऑस्ट्रेलियात विसाव्या शतकाच्या सुरुवातीला छात्रसैनिकांसाठी अशाच .३१० मापाच्या मार्टिनी रायफली मागवल्या होत्या. पुढे त्या बाजारात आल्या आणि हौशी लोकांनी त्यांच्या नळ्या मोठ्या करून, नाहीतर सरळ बदलून, त्या शिकारीला वापरल्या. तिथे तो छंद होता.

आपल्या देशातही नळ्या मोठ्या केल्या गेल्या, एकदा नव्हे, अनेकदा. पण त्या केल्या सरकारने. आणि बंदूक दुबळी व्हावी म्हणून, किंवा चुकीच्या हातात उपयोगी पडू नये म्हणून. हा इतिहास शाळेच्या पुस्तकात येत नाही, म्हणून इथे लिहितो.

१८५७ ची काडतुसं सगळ्यांना माहीत आहेत. गायीची चरबी, डुकराची चरबी, हिंदू आणि मुसलमान दोघांचा धर्म. पण ती काडतुसं ज्या बंदुकीसाठी होती तिच्याबद्दल आपण फार बोलत नाही. ती होती १८५३ च्या नमुन्याची एनफील्ड रायफल. नळीचं भोक ०.५७७ इंच. आत पिळाच्या तीन खाचा. त्या खाचांमुळे गोळी स्वतःभोवती फिरत जाते आणि सरळ जाते. त्याआधीच्या 'ब्राउन बेस' बंदुकीची नळी आतून गुळगुळीत होती. शंभर यार्डांपलीकडे तिने नेम धरणं म्हणजे नशिबावर सोडणं. एनफील्डवर मात्र कित्येक शे यार्डांसाठी वरखाली होणारी नेमाची पट्टी होती. त्या काळच्या मानाने हे फार भारी हत्यार होतं आणि कंपनी सरकार ते हिंदी शिपायांच्या हातात द्यायला निघालं होतं.

२९ मार्च १८५७ ला बराकपूरला मंगल पांडे. एप्रिलमध्ये मेरठला तिसऱ्या घोडदळाच्या ८५ स्वारांनी काडतुसं घ्यायला नकार दिला. त्यांत मुसलमानही होते आणि हिंदूही. ९ मे ला सर्वांसमक्ष त्यांच्या पायांत बेड्या घातल्या आणि १० मे ला मेरठ पेटलं. आपल्या घाटावरही, कोल्हापूरला, ३१ जुलैच्या रात्री मुंबई लष्कराच्या २७ व्या पलटणीने उठाव केला. कोकणाला हे सगळं दूरचं नव्हतं. रत्नागिरी आणि सावंतवाडी म्हणजे मुंबई लष्कराची भरतीची जागा. मराठे, महार, मुसलमान, बेने इस्राएल असे सगळेच त्या लष्करात होते. आणि सावंतवाडी संस्थानात तर त्याच्या बारा-तेरा वर्षं आधी, १८४४ मध्ये, गडकऱ्यांचं मोठं बंड होऊन गेलं होतं. मनोहर आणि मनसंतोष हे किल्ले घ्यायला इंग्रजांना फौज आणि तोफा आणाव्या लागल्या होत्या.

उठाव मोडल्यावर सरकारपुढे प्रश्न आला. हिंदी शिपाई तर हवाच, त्याच्याशिवाय एवढा देश सांभाळता येत नाही. पण त्याच्या हातात गोऱ्या शिपायाइतकी चांगली बंदूक द्यायची का? मोठमोठ्या बाबतींत काय ठरलं ते पुस्तकांत आहे. पील आयोग बसला. बंगालमध्ये दोन हिंदी शिपायांमागे एक गोरा असावा असं प्रमाण ठरलं. तोफखाना जवळजवळ सगळा गोऱ्यांच्या हातात गेला. एका जातीधर्माची माणसं दुसऱ्यावर वचक ठेवतील अशा बेताने पलटणी बांधायचं धोरण आलं.

बंदुकीच्या बाबतीत काय ठरलं? एनफील्डची नळी मोठी करायची.

०.५७७ इंचाची नळी आतून कोरून ०.६५६ इंचाची केली. फरक दोन मिलिमीटरचा. पण या दोन मिलिमीटरांत पिळाच्या खाचा साफ निघून गेल्या आणि नळी गुळगुळीत झाली. नेमाची वरखाली होणारी पट्टी काढून तिथे एकच पक्की खूण बसवली. बाहेरून बघाल तर तीच एनफील्ड, तीच लांबी, तोच दस्ता, तीच ऐट. आतून ती पुन्हा पन्नास वर्षांपूर्वीची बंदूक झाली. १८५८ चा नमुना म्हणून ती ओळखली जाते आणि ती खास हिंदी पलटणींसाठी होती. परेडवर गोरा शिपाई आणि हिंदी शिपाई शेजारी उभे राहिले तर दोघांच्या खांद्यावर सारखीच बंदूक दिसे. गोळी कुठवर सरळ जाईल, एवढाच काय तो फरक.

पुढची गोष्ट मी तात्यांना मुद्दाम सांगितली. भोक वाढवल्यामुळे नळीची भिंत पातळ झाली. टोकाला संगीन बसवली की नळी वाकायची. मग सरकारने १८५९ चा नवा नमुना काढला. त्यात खाचांची नळी परत दिली नाही. गुळगुळीत नळीच ठेवली, फक्त तिची भिंत जाड केली. एवढी यातायात केली, पण दोन मिलिमीटरांचा विश्वास काही परत दिला नाही.

त्यानंतर तो एक शिरस्ताच पडला. गोऱ्या पलटणीकडे जे नवं येई, ते हिंदी पलटणीकडे एक पिढी उशिरा येई. १८६० च्या दशकात ठासणीच्या एनफील्डच्या मागच्या बाजूला झडप बसवून ती मागून भरायची केली, ती स्नायडर. १८७१ मध्ये मार्टिनी-हेन्री आली. तात्यांच्या रायफलीची ही थोरली बहीण. तोच खालचा दांडा, तोच खाली बसणारा ठोकळा. ठोकळ्याची मूळ कल्पना अमेरिकेतल्या पीबॉडीची, तिच्यात सुधारणा केली स्वित्झर्लंडमध्ये काम करणाऱ्या मार्टिनीने आणि नळी एडिनबरोच्या हेन्रीची. गोऱ्यांकडे मार्टिनी आली तेव्हा हिंदी पलटणींकडे स्नायडर आली.

याचं मोल कुणी दिलं ते मैवंदच्या लढाईत दिसतं. २७ जुलै १८८०, अफगाणिस्तान. इंग्रजांच्या बाजूने गोऱ्यांची ६६ वी पलटण होती, तिच्याकडे मार्टिनी-हेन्री होत्या. शेजारी मुंबई लष्कराच्या ग्रेनेडियर आणि जेकब्ज रायफल्स या हिंदी पलटणी होत्या, त्यांच्याकडे स्नायडर. समोर अयूब खानाची फौज आणि तोफा. लढाई इंग्रज हरले. हरण्याची कारणं अनेक होती. पण एकाच रांगेत उभ्या असलेल्या माणसांच्या हातांत दोन पिढ्यांची हत्यारं होती, हेही खरंच. आपल्या सरकारने आपल्याच शिपायाला जाणूनबुजून मागे ठेवलं होतं आणि तो तिथे मेला तो त्याच सरकारसाठी.

शिपायाची ही गत, तर रयतेची काय असणार? १८७८ मध्ये लॉर्ड लिटनच्या काळात शस्त्र कायदा आला. हिंदी माणसाला परवान्याशिवाय हत्यार बाळगायची बंदी, युरोपियनांना मात्र सूट. काँग्रेसच्या सुरुवातीच्या अधिवेशनांपासून या कायद्याविरुद्ध ठराव होत राहिले. मागणी सगळ्यांना बंदुका द्या अशी नव्हती. कातडीच्या रंगावरून दोन माणसांना दोन कायदे लावू नका, अशी होती.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला पुन्हा नळीचं माप आडवं आलं. वायव्य सरहद्दीवर आणि सुदानात बंडखोरांच्या हाती मार्टिनी-हेन्री रायफली होत्या. त्यांच्या नळीचं माप .४५०. मग सरकारने हिंदुस्थानात .४५० मापाच्या शिकारी रायफलींवर बंदी घातली, का तर त्यांची गोळी सरहद्दीवर पोचू नये. हत्ती-वाघांच्या शिकारीला येणाऱ्या साहेबांची पंचाईत झाली. लंडनच्या कारागिरांनी लगेच माप थोडं वाढवून नवी काडतुसं काढली, .४६५, .४७०, .४७५. आज हत्तीच्या शिकारीची नामांकित काडतुसं म्हणून ज्यांचं कौतुक होतं, त्यांतल्या कित्येकांचा जन्म या बंदीतून झाला.

लष्करात .३०३ आली तेव्हाही तेच. लष्कराचं काडतूस रयतेच्या बंदुकीत चालता कामा नये. म्हणून त्याच बांधणीच्या रायफली रयतेसाठी .३१५ मापात निघाल्या. आजही ईशापूरच्या कारखान्याची .३१५ हीच आपल्याकडची परवान्यावरची नेहमीची रायफल. तिची काडतुसं आपल्या खडकीच्या दारूगोळा कारखान्यात होतात. हा कारखाना १८६९ चा. .३०३ आणि .३१५ यांत फरक किती? इंचाच्या हजाराव्या भागात मोजायचा, तर बारा. तेवढ्यावर शिपाई आणि नागरिक वेगळे केले. स्वतंत्र भारताच्या नियमांतही .३०३ नागरिकांना वर्ज्यच राहिली.

सगळ्यात बोलका नमुना पोलिसांचा. ईशापूरला लष्कराच्या .३०३ रायफली घेतल्या, नळी कोरून .४१० ची गुळगुळीत केली, दहा काडतुसं मावणाऱ्या पेटीत लाकडाचा ठोकळा ठोकला आणि त्या पोलीस शिपाई आणि तुरुंगाच्या पहारेकऱ्यांना दिल्या. एका वेळी एकच बार, तोही जवळचा. म्हणजे ज्या हिंदी पोलिसाच्या जिवावर राज्य चालत होतं, त्याच्यावरही दहा गोळ्यांइतका विश्वास नव्हता. एका गोळीइतका होता.

आता माझं म्हणणं.

मी बंदुकीच्या बाजूने लिहीत नाही. हत्यारावर राज्याचा ताबा असावा, परवाना असावा, तपासणी असावी हे मला मान्य आहे. ज्या देशांत बंदूक दुकानात भाजीसारखी मिळते तिथल्या शाळांत काय होतं ते आपण पाहतो. कोरलेल्या नळीलाही एक समर्थन होतं. नुकत्याच शांत झालेल्या फौजेला उत्तम हत्यार देणं कोणत्या राज्याला परवडेल? गर्दी आवरणाऱ्या पोलिसाला मैलभर जाणारी गोळी कशाला? हे प्रश्न खोटे नाहीत.

माझा आक्षेप नियमाला नाही, मापाला आहे. हे माप माणूस पाहून बदलत होतं. शिपायाने काय केलं यावर नव्हे, तो कुणाच्या पोटी जन्मला यावर नळीचं भोक ठरत होतं. आणि एकदा ही सवय लागली की ती इंग्रजापुरती राहत नाही. १८९० च्या दशकात 'लढवय्या जाती'चा सिद्धांत पुढे करून महारांची लष्करभरती बंद झाली. ज्या कोकणातल्या महार सुभेदारांनी पिढ्यान्‌पिढ्या मुंबई लष्करात नोकरी केली, त्यांच्यावरच हा अन्याय. गोपाळबाबा वलंगकरांनी त्याविरुद्ध अर्ज केला, तो १८९४ चा. १८५७ ला मेरठमध्ये ज्यांनी एकत्र बेड्या घातल्या, त्यांना एकमेकांवर पहारेकरी म्हणून बसवलं गेलं. आपण एकमेकांकडे कसं बघायचं, हे त्या काळात दुसऱ्याने ठरवून दिलं आणि आपण ते आपलं म्हणून घेतलं.

आपल्या बोलीचं मात्र तसं नाही. बंदूक अरबीतून आली. तिथे 'बुंदुक' म्हणजे सुपारीएवढं एक कवचाचं फळ, त्यावरून मारायची गोळी आणि पुढे गोळी मारायचं हत्यार. तोफ तुर्की, दारू फारसी, परवाना फारसी. काडतूस आणि पिस्तूल पोर्तुगिजांचे. नळी आपली. इतक्या ठिकाणचे शब्द एका वाक्यात नांदतात आणि कोकणातला शेतकरी ते वाक्य बोलताना कुणाला परका समजत नाही.

तात्यांकडे दुसऱ्या खेपेला गेलो तो अर्ज लिहायला. परवान्यावरचं हत्यार बदलून मिळावं असा तो अर्ज. जुनी रायफल परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करायची आणि तिच्याऐवजी बारा बोअरची एकनळी घ्यायची. डुक्कर मारायचं तर वनखात्याची परवानगी वेगळी, त्याचाही कागद जोडला. वेळ लागेल. तोवर राखणीला पत्र्याचे डबे, फटाके आणि रात्रीचा जागता पहारा.

लिहिता लिहिता मी त्यांना १८५८ ची नळी, पोलिसांची लाकडी ठोकळ्याची रायफल, सगळं सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकलं. मग विचारलं, "आणि तरीपण ते गेले मां?"

"गेले," मी म्हटलं. "नव्वद वर्षांत गेले."

"मग नळी मोठी करून काय मेळवल्यानी?"

अर्जात परवान्याची पडताळणी करण्यासाठी गावातल्या दोन माणसांची नावं द्यायची असं तात्यांनी कुठूनतरी ऐकलं होतं. तशी गरज आहे का, मी खात्री करून सांगतो म्हटलं. पण त्यांनी माझ्या हातातलं पेन घेतलं आणि खाली आपल्या थरथरत्या अक्षरात पहिलं नाव लिहिलं, ते माझं. पूर्ण, वडिलांच्या नावासकट.